एका निर्दोष मुलीची शिफारस

अम्बरीन मुकादमच्या फॉर्मवर शेवटी एक चौकोन होता. वर छापलं होतं, 'प्रशिक्षकाचा अभिप्राय'. चौकोन बराच मोठा होता आणि प्रशिक्षक मार्चमध्ये वारले होते.

हा फॉर्म घेऊन अम्बरीनची आई खतीजा आणि आजोबा हारून मुकादम दासगावहून पोलादपूरला आले, तेव्हा अनुपमा वडिलांचे कपडे कपाटातून काढून पलंगावर ठेवत होती. पनवेलच्या कॉलेजला सुट्टी लागल्यापासून तिचा हाच कार्यक्रम होता. सकाळी कपडे बाहेर काढायचे, मग कोणीतरी भेटायला यायचं, आणि संध्याकाळी कपडे होते तसे परत कपाटात जायचे.

तिचे वडील सयाजी उतेकर महाडच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक होते आणि शेवटची अठरा वर्षं ते बेसबॉल शिकवत होते. क्रिकेट सोडून हे काय खूळ, असं विचारणाऱ्याला त्यांचं उत्तर ठरलेलं असे. क्रिकेटवाल्यांची पुण्याच्या कॉलेजांच्या दारात रांग आहे. बेसबॉलच्या दारात रांग नाही, आपण त्या दाराने आत जाऊ. आणि खरोखरच दर वर्षी एक-दोन मुलं त्या दाराने आत जात. खेळाडूंच्या राखीव जागेवर प्रवेश, फी माफ, वसतिगृहात खोली. सर स्वतः एस.टी.ने मुलाबरोबर जात आणि खोलीतला पंखा फिरतो की नाही ते बघूनच परत येत.

अम्बरीन त्यांची कॅचर. म्हणजे बॅट घेतलेल्या खेळाडूच्या मागे, तोंडावर जाळी लावून उकिडवं बसायचं आणि समोरून येणारा चेंडू झेलायचा. तो बॅटवाल्याच्या छाती-गुडघ्यांमधल्या चौकटीतून आला तर 'आत', नाही तर 'बाहेर', हे पंच ठरवतो. तिला पुण्याला पाठवायला हारूननी होकार दिला होता तो केवळ सरांच्या शब्दावर. सर गेल्यावरही त्यांनी तो होकार मागे घेतला नव्हता, पण अट कायम होती. राखीव जागा आणि वसतिगृह मिळालं तर पुणं. नाही तर महाडातच कॉलेज आणि खेळ बंद. महाडात आता खेळ शिकवणारंही कोणी नव्हतं. शाळेत चित्रकलेचे सर खेळाचा तास घेत आणि मुलांना मैदानाचं चित्र काढायला सांगत.

मुख्याध्यापकांनीच मार्ग सुचवला होता. सरांची मुलगी मराठी शिकवते, तिने लिहावं, खाली शिक्का मी मारतो.

"बाय, तू फक्त दोन शब्द चांगले लिही," हारून म्हणाले. "सर असते तर त्यांनीच लिहिलं असतं. हिचा बाप कुवेतवरनं रोज फोन करून विचारतोय."

अनुपमाने अम्बरीनला कधी खेळताना पाहिलं नव्हतं. पण तिने पुष्कळ वाचलं होतं आणि तिच्याजवळ चांगल्या वाक्यांचा तुटवडा नव्हता. दोन दिवस खपून तिने पत्र तयार केलं. 'कै. उतेकर सर नेहमी म्हणत, की अम्बरीनसारखी शांत, आज्ञाधारक आणि मृदुभाषी विद्यार्थिनी शिक्षकाला भाग्याने लाभते.' सर असं कधीही म्हणाले नव्हते. पण म्हणाले असते तर कसं म्हणाले असते, याचा तिने इतका बारकाईने विचार केला, की लिहून झाल्यावर तिला स्वतःलाच रडू आलं.

तिने ते आईला वाचून दाखवलं. चंद्राबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण हे कोण बोललं?"

"बाबा."

"असं?" म्हणून त्या भाजी निवडायला गेल्या.

पत्र पुण्याला गेलं ते मुरारी सकपाळकडे. मुरारी पोलादपूरच्या वरच्या वाडीतला, सरांच्या बेसबॉलच्या अगदी पहिल्या संघातला. आता तो पुण्याच्या एका कॉलेजात प्रशिक्षक होता आणि राखीव जागांवर कोणाला घ्यायचं हे त्याच्या शब्दावर ठरत असे. त्याचं उत्तर तासाभरात मोबाइलवर आलं. 'पत्र मिळालं. समजलो. आभार.'

दासगावात याचा अर्थ एकच लावला गेला. दुसऱ्या दिवशी हारूनच्या टेंपोतून तुडीलच्या खाडीतली दोन किलो कोळंबी पोलादपूरला पोचली.

आठवडा गेला. माणगावच्या एका मुलीला निवडचाचणीचं बोलावणं आलं, अम्बरीनला आलं नाही. हारूननी आयुष्यभर ट्रान्सपोर्टचा धंदा केला होता. एक कागद कमी पडला की गाडी अडते, हे त्यांना चेकनाक्यांनी शिकवलं होतं. इथेही कागदच कमी पडला असणार, असं त्यांनी ठरवलं आणि ते कागद गोळा करायला निघाले.

चार दिवसांत सात पत्रं जमली. सरपंचांनी अम्बरीन विनयशील असल्याचं लिहून दिलं. डॉक्टरांनी तिला कसलाही आजार व व्यसन नसल्याचं कळवलं. इमामसाहेबांनी ती नजर खाली ठेवून चालते, याची ग्वाही दिली. बेसबॉल म्हणजे काय हे ज्यांना मुळीच ठाऊक नव्हतं, त्यांची पत्रं सगळ्यांत लांब होती. शेजारच्या मेडिकलवाल्या मुदस्सरने तर आपल्या छापील कागदावर फोन नंबरासकट लिहिलं, की एवढी गरीब मुलगी पंचक्रोशीत सापडणार नाही. अनुपमाने सातही पत्रांचं शुद्धलेखन तपासलं, दोन ठिकाणी चांगले शब्द सुचवले आणि स्वतः कुरिअर केलं.

तिसऱ्या दिवशी मुदस्सरला पुण्याहून फोन आला. बोलणाऱ्याने कॉलेजातून बोलतोय म्हणून सांगितलं आणि मुलगी कशी आहे, असं विचारलं. आता मुलगी कशी आहे असं परगावाहून फोन करून कोण विचारतं, हे मुदस्सरला कोणी सांगायला नको होतं. त्याच्या दुकानातून आजवर पाच लग्नं जमली होती. मुलाकडचे कधी सरळ सांगत नाहीत. कोणी बँकेतून बोलतो, कोणी विमा कंपनीतून. हा कॉलेजातून बोलत होता, म्हणजे मुलगा प्राध्यापक असणार. अशा वेळी शेजाऱ्याचं काम काय, तेही मुदस्सरला ठाऊक होतं. संध्याकाळी त्याने हारूनच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं आणि हारूननी ते फोनवरून अनुपमाला जसंच्या तसं ऐकवलं.

फोनवाल्याने विचारलं होतं, मुलीचा आवाज कसा आहे. मुदस्सर म्हणाला होता, भिंतीला भिंत लागून घर आहे, पण आजवर आवाज ऐकला नाय. भांडते का, विचारलं. मुदस्सरने तोबा तोबा केलं. कोणी उगाच रागावलं तर काय करते? मान खाली घालून उभी राहते. यानंतर म्हणे फोनवाला बराच वेळ काही बोललाच नाही.

"खूश झाला असणार," हारून म्हणाले. "मुदस्सरला वाटलं, स्थळाची चौकशी हाय. पण तो तुझा कॉलेजवालाच होता, नाय? मुदस्सरने सांभाळून घेतलं बघ."

अनुपमालाही तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुरारीचा फोन आला तेव्हा तिने तो जवळजवळ हसतच घेतला.

"मॅडम, मुरारी बोलतोय. वाईट वाटून घेऊ नका, पण एक विचारायचं होतं. सरांचं या मुलीशी काही बिनसलं होतं का?"

अनुपमाला प्रश्नच कळेना. मग मुरारीने सगळं नीट सांगितलं. आठ वर्षांत सरांनी त्याच्याकडे अकरा मुलं पाठवली होती. प्रत्येकाच्या पत्रात आधी खोड्या असत. डावीकडचा चेंडू सोडतो. हरला की दोन दिवस बोलत नाही. घरून डबा आणत नाही आणि दुसऱ्याचा खातो. अशा पाच-सहा ओळी झाल्या की शेवटी 'बाकी तू बघ' आणि खाली सही. कौतुकाची पत्रं तर मुरारीकडे पोत्याने येत. त्यातून एवढंच कळे, की लिहिणाऱ्याने मुलाला कधी पाहिलेलं नाही. सरांचं पत्र वाचलं की मूल डोळ्यांसमोर उभं राही आणि मुरारी पुढचं काही न बघता त्याला घेऊन टाकी.

"माझंही पत्र तसंच होतं," तो म्हणाला. "इथल्या कॉलेजच्या जुन्या कोचनी पुढे कधीतरी दाखवलं मला. 'थापा मारतो, पण पळतो.' एवढ्यावर मला जागा मिळाली."

"आणि बाबांनी कोणाचं कौतुक केलं तर?"

"दोनदाच केलं. एकदा कुणा पुढाऱ्याच्या भाच्याचं आणि एकदा वरून दबाव आला तेव्हा. 'अत्यंत गुणी विद्यार्थी.' बस. मी समजायचो, नको म्हणतायत. तुमचं पत्र आलं, सर नेहमी म्हणत, भाग्याने लाभते वगैरे. मला वाटलं, सर जाता जाता मला सावध करून गेले."

अनुपमा खाली बसली.

"तरी मन मानेना," मुरारी पुढे म्हणाला. "कारण डिसेंबरात सर फोनवर म्हणाले होते, एक कॅचर आहे, डोक्याला ताप आहे. मी म्हटलं, हीच असणार. तेवढ्यात ती सात पत्रं आली. शांत, नजर खाली, आवाज नाही. मी स्वतः फोन केला, तर तो माणूस म्हणतो, मान खाली घालून उभी राहते. मॅडम, कॅचर म्हणजे मैदानावरची आई असते. ती ओरडली नाही तर बाकीच्या आठजणी कुठे उभं राहायचं तेच विसरतात."

"मुरारी," अनुपमा म्हणाली, "ते बाबा म्हणाले नव्हते. मी लिहिलं."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"मला कळायला हवं होतं," मुरारी म्हणाला. "सर 'मृदुभाषी' म्हणाले असते तर मी आधी डॉक्टरला फोन केला असता."

यादी सोमवारी द्यायची होती. हातात चार दिवस होते. मुरारीला तिच्या खऱ्या खोड्या हव्या होत्या, तीन तरी, आणि त्या तिला ओळखणाऱ्या माणसाने सांगितलेल्या.

त्याच दुपारी अनुपमा दासगावला गेली. हारूनच्या घरी तिने सगळं कबूल केलं. आपण सरांच्या तोंडी न बोललेलं घातलं, त्यामुळे पोरीचं नुकसान झालं, आणि आता तिचे दोष लिहून द्यायचे आहेत. हारूननी पहिला भाग मोठ्या मनाने माफ केला. दुसरा त्यांच्या गळी उतरेना. मुदस्सरला बोलावण्यात आलं. तो म्हणाला, लग्नाच्या पोरीचा दोष कागदावर घ्यायचा नसतो. बोललेलं विसरतात, कागद पुण्याहून कुवेतला जातो आणि कुवेतहून दासगावला परत येतो.

अखेर पुष्कळ विचार करून हारूननी एक दोष दिला. ती अभ्यास जरा जास्त करते. मुदस्सरने भर घातली, की ती दुसऱ्यांना मदत करताना स्वतःकडे बघत नाही. अनुपमाने वही मिटली.

"हे पण पत्र नापास होईल," ती म्हणाली.

इतका वेळ आतल्या दारात उभी असलेली अम्बरीन बाहेर आली. "माझ्यात काय वाईट हाय ते मला पण कळू दे. आणि मुदस्सरचाचा, माझा आवाज ऐकला नाय म्हणता? परवा मी नदीपलीकडे हाक मारली तर तुमच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली होती."

"हळू बोल गो," हारून म्हणाले.

"मी हळूच बोलतेय," अम्बरीन म्हणाली, आणि अंगणातल्या कोंबड्या कुंपणापर्यंत गेल्या.

खतीजा कोपऱ्यात लसूण सोलत होती. सासऱ्यांसमोर ती फारशी बोलत नसे. तिने ताट बाजूला सरकवलं.

"लिहा," ती म्हणाली. "उठवल्याशिवाय उठत नाय. उठवलं की आधी भांडते, मग उठते. हरली की जेवत नाय, जिंकली की दुसऱ्याचं पण जेवते. कपडे धुवायला टाकत नाय, खेळताना पायाला बांधायच्या त्या पट्ट्या नि जाळी मात्र उशाशी घेऊन झोपते. एकीने चूक केली तर तिला सगळ्यांसमोर सांगते, मग ती रडली की घरी घेऊन येते नि मला सांगते, हिला जेवायला वाढ. चुकलं ते चुकलं म्हणते, मग समोर मौलवी असो का मास्तर. सरांना पण सोडलं नाय."

अनुपमाची पेन्सिल थांबली. "बाबांना?"

"सर पंच होते त्या दिवशी. म्हणाले चेंडू बाहेर गेला, ही म्हणे आत होता. किती वेळ ते विचारू नका. सरांची एस.टी. गेली."

"मग माझ्या टेंपोतून सोडलं पोलादपूरला," हारून नाइलाजाने म्हणाले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "ही पण बसली मधी. नातेखिंड गेली, कापडे गेलं, हिचं चालूच. आत होता, आत होता."

"आणि बाबा?"

"सर काय," हारून म्हणाले. "सर हसत होते. उतरताना मला म्हणाले, हारूनभाई, हिला महाडात ठेवू नका."

अनुपमाने ते लिहून घेतलं नाही. खतीजा तोवर नवव्या दोषावर पोचली होती, आणि आयांना एकदा सुरुवात करून दिली की थांबवणारं कोणी नसतं. सोळा झाले तेव्हा लसूण सोलायचा राहिलाय, हे तिच्या ध्यानात आलं.

या वेळी पत्र लिहायला अनुपमाला दहा मिनिटं लागली. खतीजाचे शब्द होते तसे ठेवले. विशेषण एकही नव्हतं. मुरारीचं उत्तर आलं, 'रविवारी सकाळी महाडला येतो. मैदानावर आणा.'

रविवारी हारूनच्या टेंपोतून निम्मी आळी मैदानावर उतरली. दासगावपासून महाडपर्यंत हारूननी नातीला एकच गोष्ट बजावली होती. कागदावर काय गेलं ते गेलं, आता पाहुण्यासमोर नजर खाली आणि तोंड बंद. आपली पोरगी त्या दोषांच्या पत्रासारखी नाही, हे त्यांना त्या माणसाला दाखवून द्यायचं होतं.

मुरारी बुटका आणि सावळा होता आणि त्याच्या खिशाला पेन्सिल होती. त्याने शाळेच्या जुन्या संघातल्या एका मुलीला चेंडू टाकायला उभं केलं, दुसरीच्या हातात बॅट दिली, अम्बरीनला तिच्या मागे बसवलं आणि स्वतः पंच म्हणून अम्बरीनच्या पाठीशी उभा राहिला. पहिला चेंडू सरळ मधून आला. मुरारी म्हणाला, "बाहेर."

अम्बरीनच्या खांद्यांना झटका बसला. तिने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी तळहात खाली दाबून दाखवला. तिने चेंडू परत टाकला.

दुसराही मधूनच आला. "बाहेर," मुरारी म्हणाला.

अम्बरीन गप्प. मुरारीने खिशातली पेन्सिल काढली, बघितली आणि परत ठेवली. अनुपमाला बेसबॉलमधलं काही कळत नव्हतं, पण ती पेन्सिल परत गेलेली कळली. तिने हारूनचा हात धरला आणि त्यांच्या कानात सांगितलं, की तिला बोलू द्या. हारूननी मानच फिरवली. कुठल्याही पाहुण्यासमोर पोरीला भांडायला सांगणं त्यांच्या घराण्यात झालं नव्हतं.

तिसरा चेंडू बॅटच्या समोरून, छातीच्या खालून, अम्बरीनच्या ग्लोव्हमध्ये येऊन बसला. "बाहेर."

अम्बरीन उठली. तिने तोंडावरची जाळी काढली आणि जमिनीवर ठेवली, अगदी सावकाश.

"सर, तुम्ही चष्मा आणलाय का?"

हारूननी डोळ्यांवर हात घेतला. "गेलं पुणं," ते म्हणाले.

पुढचा पाऊण तास मैदानावर फक्त भांडण झालं. अम्बरीनने काठीने जमिनीवर रेघ मारली, चेंडू कुठून आला ते दाखवलं, बॅटवालीला साक्षीला उभं केलं आणि मधेच चेंडू टाकणारीला, तुझा पाय चुकतोय, असं ओरडून सांगितलं. मुरारीने एक मुद्दा सोडला नाही. तीही सोडेना. शेवटी मुरारी थकून हसायला लागला. त्याने खिशातून फॉर्म काढला, गुडघ्यावर ठेवला आणि खाली सही केली.

"जुलैच्या एक तारखेला वसतिगृहात या," तो हारूनना म्हणाला.

"एवढी भांडली तरी?"

"भांडली म्हणून. चाचा, मी पुण्यात वर्षभर अशी एक शोधतोय."

हारून वळून नातीकडे गेले आणि तिला एवढंच म्हणाले, की तिसरा चेंडू त्यांनाही आतच वाटला होता.

मंडळी टेंपोत चढायला लागली. कुवेतला फोन लागला होता आणि अम्बरीन तो हातात धरून बोलत होती. फोन नसता तरी चाललं असतं. मुरारी पाठीवर पिशवी अडकवून अनुपमाजवळ आला. निघताना दोन शब्द बोलावेत म्हणून बोलला.

"मॅडम, सर तुमचं फार कौतुक करायचे."

अनुपमाने त्याच्याकडे पाहिलं. मुरारीने नजर चुकवली आणि कान खाजवला.

"मुरारी, खरं सांगा."

तो जरा घुटमळला. "सुट्टीला येते आणि दुसऱ्या दिवशी परत जायची घाई करते, म्हणायचे."

"आणखी?"

"जेवताना पुस्तक वाचते. चहात साखर घालायला विसरते आणि तसाच पिते, पण विसरले म्हणत नाही. प्रवासाला निघाली की पाण्याची बाटली घरी. एकदा म्हणाले, माझ्यावर चिडली की अवघड अवघड शब्द वापरते, मग मला शब्दकोश आणावा लागतो."

"आणला होता?"

"शाळेच्या कपाटात होता त्यांच्या. चेंडूंच्या खोक्यावर."

अनुपमाने पदराने नाक पुसलं. "आणखी?"

मुरारीने घड्याळ पाहिलं. पुण्याच्या गाडीला वीस मिनिटं होती. त्याने मैदानाच्या कडेच्या पायरीकडे पाहिलं, मग पिशवी खांद्यावरून उतरवून खाली ठेवली आणि बसला.

"वेळ लागेल, ताई," तो म्हणाला. "अठरा वर्षांचं साठलंय."

"लागू दे," म्हणत अनुपमा त्याच्याशेजारी बसली.